लाल रेघेबाहेरची अडतीस घरं

१

टेलरकाकूने नकाशावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं लगेच उचललं.

"हा तो नकाशा नाही," ती म्हणाली.

मंगळवारची सकाळ. पालिकेच्या तळमजल्यावरची रेकॉर्डरूम. समोर लांबलचक टेबल, त्यावर अठरा वर्षांपूर्वीच्या पुनर्विकास आराखड्याचा मंजूर नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर लोखंडी वजनं. टेबलापलीकडे रेकॉर्डच्या ताई हात बांधून उभ्या. आणि मध्ये पालिकेच्या विधी अधिकारी. वयाने सत्तावन्न, आवाजाने पंचवीस. पाण्याच्या टाकीवरच्या मुकादमापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणायचे.

"काकू, खाली सही बघा," अक्का म्हणाल्या. "त्या वेळच्या अध्यक्षांचीच आहे. शिक्का पालिकेचाच."

"सही असेल हो. मी काय सहीला ओळखते? मी माझ्या घराला ओळखते. आमची गल्ली लाल रेघेच्या बाहेर होती, मॅडम. अफवा उठली की मी इथे यायची. रेघ बघायची, घरी जायची, मशीनवर बसायची. अठरा वर्षं हेच चाललंय."

आता मात्र अडतीस घरं लाल रेघेच्या आत, म्हणजे पाडायच्या हद्दीत होती. रेघ गल्लीच्या मागून सरळ, रुबाबात गेली होती.

"आणि तो मळका होता," काकू म्हणाली. "हा बघा कसा गोरा."

"पुसला असेल कुणीतरी," ताई पुटपुटल्या.

"नकाशा आहे की भांडं?" काकूने फटकारलं.

अक्कांना हसू आलं, पण ते ओठांतच राहिलं. गुरुवारी अकराला सभा होती. पालिकेला आराखडा बदलायचा पूर्ण अधिकार होता. वाटलं तर दुरुस्ती करा, वाटलं तर अख्खा काढून नवा आणा. अट एकच. जी घरं नव्याने लाल रेघेत येतात त्यांतल्या प्रत्येकाला नोटीस द्यायची आणि प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. घरं आधीपासून आतच असतील तर ना नोटीस ना सुनावणी. सभेने हात वर केले की काम झालं. आणि 'नोटिशीची गरज नाही' या दाखल्यावर सही करायची होती अक्कांनी.

"दुसरी प्रत?" त्यांनी विचारलं.

"वॉर्ड ऑफिसात होती. वाळवीने खाल्ली," ताई म्हणाल्या. "स्कॅन आहे, पण तो गेल्याच महिन्यात केला. याच नकाशावरून."

टेलरकाकू दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे आम्ही कायम आतच होतो, असं ठरलं?"

अक्कांनी दाखल्याचा कागद सही न करताच फाइलमध्ये ठेवला.

२

काकू गेल्यावर ताईंचा बांध फुटला.

"अक्का, मला या खोलीत येऊन पाचच महिने झालेत. नकाशा बदललाय असं निघालं तर पहिली मीच जाणार. किल्ली माझ्याकडे!"

"रडू नका. रजिस्टर काढा."

पाच महिन्यांत तो नकाशा तिघांनी हाताळला होता. पहिला बांधकाम कंपनीचा वास्तुविशारद. अर्धा तास नकाशा निरखत बसला, गेला.

"माझ्या डोळ्यांसमोर होता सबंध वेळ," ताई म्हणाल्या. "रिकाम्या हाताने आला, रिकाम्या हाताने गेला. सेंटचा वास तेवढा दोन दिवस राहिला."

दुसरे पालिकेचे नगररचनाकार. नवा आराखडा त्यांचाच. स्कॅनिंगसाठी नकाशा वर केबिनमध्ये नेला, दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिला.

तिसरे मास्तर. पालिकेचे जुने मुख्य आरेखक, निवृत्त झालेले. हा नकाशा त्यांच्याच हातचा. नगररचनाकार हे त्यांचे पट्टशिष्य आणि पुढे जावई, म्हणून अख्खी पालिका त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणायची. स्कॅननंतर तीन दिवसांनी जुनी मापं तपासायला मास्तरांना बोलावलं होतं.

"मास्तरांकडे काही सामान होतं?"

ताईंनी रजिस्टर मिटलं. "नकाशाची नळी होती. पत्र्याची, लांब. आणि अक्का, चार तास बसले ते. पण एक माप घेतलं नाही. पट्टी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. नुसते बघत होते."

अक्का उठल्या. "बाकीच्या वॉर्डांचे नकाशे दाखवा."

"कुठला?"

"कुठलाही. दोन-चार काढा."

ताईंनी चार गुंडाळ्या उलगडल्या. अक्का चष्मा कपाळावर सरकवून नाक कागदाला लागेल इतक्या वाकल्या. प्रत्येक नकाशावर एक गोष्ट तीच. बागा, रस्ते, शाळा स्वच्छ. आणि जिथे घरं, नेमकी तिथे कागदावर तपकिरी सावली. काही ठिकाणी तर घरांचे नंबर घासून पुसट झालेले.

"हा डाग कसला, ताई?"

"डाग नाही, बोटं. जो येतो तो आधी आपल्या घरावर बोट ठेवतो. 'नकाशाला हात लावू नये' अशी पाटी लावलीय. तर लोक पाटीवर बोट ठेवून वाचतात."

अक्का पुन्हा पहिल्या टेबलाशी आल्या. अडतीस घरं. अठरा वर्षं. एकटी टेलरकाकूच किती वेळा आली असेल? आणि तिच्या घरावरचा कागद नव्या उशीच्या अभ्र्यासारखा.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "काकू खरं बोलतेय. या नकाशावर आजवर कुणीही आपलं घर शोधलेलं नाही."

३

दुपारी अक्का दुसऱ्या मजल्यावर गेल्या. जावईबापूंच्या केबिनमध्ये बसायचं म्हणजे शिक्षा. त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलं की डावीकडच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यात. अक्कांनी फाइल कपाळाशी धरली.

"पडदा का लावत नाहीस रे?"

"पडदा लावला की लोक जास्त वेळ बसतात," जावईबापू हसले. चाळिशीचा, बारीक, बाह्या दुमडलेला माणूस. कामाला वाघ. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर मोठ्या जुन्या लाकडी फ्रेममध्ये नव्या आराखड्याचं रंगीत चित्र होतं. रुंद रस्ता, झाडं, सहा इमारती. फ्रेमला चित्र जरा अपुरं पडत होतं, चारी बाजूंनी पांढऱ्या कागदाची पट्टी दिसत होती.

"एक बाई म्हणतेय, नकाशा बदललाय."

"ऐकलं मी. अक्का, लोकांना आठवतं तेच खरं वाटतं. सही खरी आहे ना? शिक्का?"

"दोन्ही खरे."

"अक्षर सासऱ्यांचं?"

"तेही."

"मग बनावट कशी?"

"मी बनावट कुठे म्हटलं?" अक्का म्हणाल्या.

जावईबापू क्षणभर थांबले. मग पुढे झुकून कळकळीने बोलू लागले. "त्या गल्लीत गेलात कधी? दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे जावं लागतं. गेल्या वर्षी आग लागली तेव्हा बंब कोपऱ्यावर उभा राहिला. त्या म्हाताऱ्याला बाहेर काढेपर्यंत संपलं होतं सगळं. मी तिथे होतो, अक्का. अडतीस सुनावण्या म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षांत अजून किती जण?"

ते खोटं बोलत नव्हते. आग अक्कांनाही आठवत होती. त्या उठल्या तेव्हा डोळ्यांसमोर उन्हाचे हिरवे ठिपके नाचत होते.

"मास्तर कसे आहेत?"

"बरे आहेत," ते म्हणाले. "हल्ली आमच्याकडे येत नाहीत फारसे."

"कधीपासून?"

"असेल महिना."

४

बुधवारी सकाळी अक्कांनी ठरावांचं जुनं पुस्तक मागवलं. एकशे ब्याण्णव नंबरचा ठराव: 'टेबलावर ठेवलेला नकाशा मंजूर.' बरोबर, आराखडा मंजूर झाला तो हाच. त्यांनी सहज पान उलटलं. मग आणखी एक. तीन महिन्यांनंतरच्या सभेत त्यांचं बोट थांबलं.

ठराव दोनशे सतरा: 'आधीचा नकाशा रद्द. त्या जागी टेबलावर ठेवलेला नवा नकाशा मंजूर.'

का बदलला, काय बदललं, एक अक्षर नाही. सगळा भरवसा नकाशावर. पण नकाशे दोन होते! दोन्हींवर मास्तरांचं अक्षर, दोन्हींवर तीच सही, तोच शिक्का. दोन्ही अस्सल.

त्या धावतच रेकॉर्डरूममध्ये गेल्या. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ठराव क्रमांक होता, दोनशे सतरा. म्हणजे हा दुसरा, चालू नकाशा. पण नीट पाहिल्यावर अक्षरांत फरक दिसला. बाकी सगळी शाई तपकिरी पडली होती आणि हे तीन आकडे मात्र काळेभोर, ताठ.

"ताई, रद्द झालेल्या नकाशाचं काय करायचे पूर्वी?"

"त्याच दिवशी आरेखक लाल पेनने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारायचा. मोठी फुली. मग जुन्या कपाटात. पण त्या कपाटात या आराखड्याचं काहीच नाही, मी बघितलं."

फुली न मारलेला रद्द नकाशा. क्रमांकही न भरलेला. अठरा वर्षांनी कुणीतरी आकडे भरले, खऱ्याच्या जागी ठेवला आणि गल्ली लाल रेघेच्या आत गेली.

अक्कांनी नकाशा खिडकीशी धरला आणि मग तो डाग दिसला. डाग कसला, डाग नसलेली जागा. चारी कडांना बोटभर रुंदीची पट्टी पांढरीशुभ्र होती, तिच्या आत कागद जेमतेम पिवळसर. आणि रंग सगळीकडे सारखे विटले नव्हते. डावीकडचे जवळजवळ उडालेले, उजवीकडचे ताजे.

"ताई, हा कपाटात नव्हताच," त्या म्हणाल्या. "हा भिंतीवर होता. काचेच्या आत. आणि डावीकडून ऊन येत होतं."

"पण नकाशा भिंतीवर कोण लावतं?"

"ज्याने काढला तो."

५

मास्तरांचं घर इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर. भर दुपारी दिवा लावलेला. भिंतींवर नकाशेच नकाशे. मास्तरांनी चहाचा कप अर्धाच भरून आणला, तरी बशीत सांडला.

"बाई, तुम्ही येणार हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "मीच केलं."

अक्कांनी कप बाजूला ठेवला.

"पहिला नकाशा माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. चार महिने लागले होते. गल्लीवाल्यांनी आरडाओरडा केला, सभेने रेघ मागे घेतली, दुसरा काढावा लागला. पहिल्यावर फुली मारायला बसलो. पट्टी ठेवली, पेन उचललं, आणि नाही जमलं. गुंडाळून घरी आणला. चोरीच म्हणा. गेल्या महिन्यात नळीतून नेला आणि बदलला."

"अठरा वर्षं कुठे होता?"

"इथेच. या भिंतीवर."

अक्कांनी वर दिव्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. शेवाळलेली.

"मास्तर, या कागदावर दोनशे सतरा लिहून दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर."

मास्तरांनी पेन घेतलं. दोनच्या वेलांटीपाशी हात थरथरला, एक तिरका पडला, साताचं तर पोट फाटलं. ते स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिले. ज्या हाताने शहराच्या गल्ल्या ओढल्या, तो हात.

"तुमच्या घरात ऊन येतच नाही," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "आणि नकाशा उन्हाने विटलाय. आकडे लिहिणाऱ्याचा हात स्थिर आहे. त्या दिवशी रेकॉर्डरूममध्ये मापं घ्यायला गेलात आणि समोर तुमचाच जुना नकाशा आला. ओळखलात. कुणी ठेवला तेही ओळखलंत. म्हणून चार तास नुसते बसलात. बरोबर?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

"कुणाला दिला होतात तो?"

"माझी मुलगी आहे त्या घरात," मास्तर म्हणाले. "दोन नातवंडं आहेत. बाई, मी म्हातारा आहे. मला काय, निवृत्त माणसाला काय करणार? माझं नाव घाला."

"तुमचं नाव घातलं तरी खरा नकाशा परत येत नाही. तो कुठाय?"

"ते खरंच माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

६

जिना चढताना अक्का मोजत होत्या. नकाशाएवढी फ्रेम. समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे खिडकी, आणि तिला पडदा नाही.

त्या केबिनमध्ये शिरल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि ऊन डोळ्यात आलं. या वेळी त्यांनी फाइल आडवी धरली नाही.

"नऊ वर्षं मी या खुर्चीत बसतेय," त्या म्हणाल्या. "तुझ्या डोक्यामागे एक जुना नकाशा होता. मी पाहिला, अध्यक्षांनी पाहिला, गल्लीतले लोकही इथे बसून गेले. वाचला कुणीच नाही."

जावईबापूंनी फोन खाली ठेवला.

"तुला ही केबिन मिळाली त्या दिवशी मास्तरांनी दिला ना?"

"अक्का, सासऱ्यांचे डोळे गेलेत, हात गेलाय, त्यांच्यावर—"

"त्यांनी तुझ्यासाठी गुन्हा अंगावर घेतलाय. तासाभरापूर्वी. माझ्यासमोर."

त्यांची नजर फोनकडे गेली.

"वास्तुविशारद ताईंच्या डोळ्यांदेखत बसला होता," अक्का पुढे म्हणाल्या. "मास्तर यायच्या आधीच नकाशा बदललेला होता. रात्रभर तो एकाच माणसाकडे होता, ज्याच्या भिंतीवर दुसरा होता. आता ती फ्रेम उतरव. चित्र त्या फ्रेमचं नाहीच, चारी बाजूंनी तोकडं आहे."

ते हलले नाहीत. मग अक्का स्वतःच खुर्चीवर चढायला लागल्या, तेव्हा घाईने उठून त्यांनी फ्रेम उतरवली. उलटी टेबलावर ठेवली. खिळे वाकवले, पुठ्ठा काढला.

रंगीत चित्राच्या मागे खरा नकाशा होता. लाल रेघ गल्लीच्या अलीकडून वळलेली. आणि रेघेबाहेर, जिथे अडतीस घरं, तिथे कागद काळपट, मऊ, कापडासारखा झालेला. काही नंबर तर बोटांनी पार खाऊन टाकले होते.

"फाडून का नाही टाकलास?" अक्कांनी विचारलं.

"फाडायला घेतला होता." त्यांनी नकाशाची कड सरळ केली. "नाही झालं. त्यांच्या हाताखाली शिकलोय मी."

मग ते म्हणाले, "नवा आराखडा चांगला आहे, अक्का. तुम्हालाही माहीत आहे. पुन्हा आग लागली तर?"

"आहे चांगला. मग हेच त्या लोकांना जाऊन का नाही सांगितलंस? बंबाचं, म्हाताऱ्याचं. मला सांगितलंस तसं."

अक्कांनी नकाशा गुंडाळला. दारात पोचल्यावर त्या थांबल्या.

"सासऱ्यांना फोन कर. अटक करायला कुणीतरी येईल म्हणून बसलेत ते. आवरूनबिवरून."

७

गुरुवारी अकराला अक्कांनी दोन्ही नकाशे सभेच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि सगळं सांगितलं. मास्तर मागच्या रांगेत होते. मध्येच उठून पुढे आले. खिशात लाल पेन होतं.

"राहिलेलं काम करतो," ते म्हणाले. "आता मारतो फुली."

"आता नाही, मास्तर," अक्का म्हणाल्या. "आता तो पुरावा आहे. त्याला हातही लावता येणार नाही तुम्हाला."

मास्तर तसेच उभे राहिले. मग कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. जावईबापू सभेला नव्हतेच. त्यांचा कबुलीजबाब, दोन पानी, त्यांच्याच सुबक अक्षरात, सकाळीच अक्कांच्या टेबलावर येऊन पडला होता.

अध्यक्ष घड्याळ बघत होते. "ते प्रकरण पोलीस बघतील. मला एवढंच सांगा, आराखडा बदलायचा अधिकार सभेला आहे की नाही?"

"आहे," अक्का म्हणाल्या. "काल होता, आज आहे, उद्याही राहील. पण आधी अडतीस नोटिसा. दाखल्यावर मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी नोटिसा गेल्या. टेलरकाकूने आपली नोटीस दारातच वाचली, दोनदा. मग विचारलं, "म्हणजे घर वाचलं?"

"ते मी सांगू शकत नाही, काकू. ऐकून घेतल्यावरही ते बदलू शकतात."

"मग आम्हाला मिळालं काय?"

अक्कांना खोटं बोलता आलं असतं. "ते तुम्हाला विचारणार," त्या म्हणाल्या. "तोंडावर. आणि तुम्ही बोलाल ते लिहून घ्यावं लागणार."

महिन्याभराने सुनावणी सुरू झाली. तीन सदस्य, एक लेखनिक, शेजारी अक्का. पहिला नंबर टेलरकाकूचा. ती उभी राहिली आणि सदस्यांकडे न बघता सभागृहाच्या उंच छताकडे बघत राहिली.

"काय म्हणणं आहे ते थोडक्यात सांगा," मधले सदस्य म्हणाले. "बाहेर अजून सदतीस जण आहेत."

"थोडक्यात नाही यायचं," काकू म्हणाली. "बंबाचं मला मान्य आहे, साहेब. आग लागली ते घर माझ्या भिंतीला भिंत लावून होतं. गेले ते माझे मोठे दीर. रस्ता पाहिजे, मीच म्हणते. पण तुमच्या कागदावर तो माझ्या घरावरून जातो, आणि पलीकडे पाच वर्षं कुलूप लागलेलं गोदाम आहे त्याला धक्का लागत नाही. हे कुणी ठरवलं? गल्लीत येऊन बघितलं होतं का कुणी?"

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्याने समोरचा नवा आराखडा जवळ ओढला आणि गोदाम शोधू लागला.

लेखनिकाचं पेन थांबलं होतं. "अक्का, हे सगळं घ्यायचं?"

"सगळं," अक्का म्हणाल्या. "काकू, खुर्ची घ्या. बसून बोला."